रोपे लावली किती आणि जगली किती?

यंदा पावसाने मृगाची वाट पाहिली नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच तो तेलंगणात येऊन पोहोचला. आता जून २०२५ संपत आला आहे आणि वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो आहे. शाळा, बँका, गणेश मंडळे, कॉलन्यांच्या संघटना, सगळीकडे रोपे येतील, खड्डे खणले जातील, फोटो निघतील. आपल्या मंडळातही यंदा रोपे कुठे लावायची, हा विषय निघाला आहे. त्या निमित्ताने थोडे हिशेबाने बोलावे, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. तीन वर्षांपूर्वी वर्धापनदिनी आपण एका रस्त्याच्या कडेला २५ रोपे लावली होती. छान कार्यक्रम झाला. नारळ फुटला, मुलांना खाऊ वाटला, फोटो अजूनही मंडळाच्या भिंतीवर आहेत. गेल्या महिन्यात आम्ही सकाळी फिरायला जाणारे पाचजण वही घेऊन तिथे गेलो. २५ पैकी ४ झाडे उभी होती. लोखंडी जाळ्या मात्र बऱ्याच शिल्लक होत्या. एका जाळीचा मिर्चीच्या बंडीवाल्याने कचऱ्याचा डबा केला होता, दुसरीवर कपडे वाळत होते. काही रोपे पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून गेली. काही केबलसाठी रस्ता खणताना गेली. दोन-तीन दुकानाच्या पाटीआड येत होती, ती कशी गेली हे विचारायला नको. दोष दुसऱ्या कोणाचा नाही. पाणी कोण घालणार, हे आपण ठरवलेच नव्हते.

आमच्यापैकी काहींचे आयुष्य बँकेत गेले. शाखेने वर्षभरात किती कर्ज वाटले, याचे कौतुक मार्चअखेरपर्यंत. त्यानंतर तपासनीस येतो आणि एकच गोष्ट पाहतो: त्यातली नियमित खाती किती आणि थकीत किती. झाडांच्या बाबतीत आपण वाटपाचा आकडा जाहीर करतो आणि वसुलीचे खाते उघडतच नाही. हे आपल्या मंडळाचे झाले, तसेच शहराचेही होते, आणि देशातील बहुतेक शहरांचे होते.

आकडे काय सांगतात

हैदराबादने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३ जुलै २०१५ रोजी राज्यात हरितहारम् ही मोहीम सुरू झाली. राज्याचे हरित आच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेणे हा तिचा हेतू होता आणि २३० कोटी रोपांचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. सरकार बदलल्यावर आता हेच काम वनमहोत्सव या नावाने चालते. मोहिमेच्या काळात शहराला मानही मिळाले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि अमेरिकेतील आर्बर डे फाउंडेशन यांनी २०२० सालासाठी 'जगातील वृक्षनगरी' म्हणून हैदराबादची निवड केली. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील जेजू येथे जागतिक हरित शहर पुरस्कारही मिळाला. बाह्य वळण रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली हिरवळ आपण सर्वांनी गाडीतून पाहिली आहे.

भारतीय वन सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेने २०२१ च्या अहवालात सात मोठ्या शहरांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यात हैदराबादचे वनाच्छादन २०११ मधील ३३.१५ चौरस किलोमीटरवरून २०२१ मध्ये ८१.८१ चौरस किलोमीटर झाल्याचे दिसते. सात शहरांत ही वाढ सर्वांत मोठी होती. याच काळात अहमदाबादचे आच्छादन १७.९६ वरून ९.४१ चौरस किलोमीटरवर आले. आकडा निश्चितच चांगला आहे.

पण ताळेबंद वाचताना शेवटची बेरीज पाहून थांबायचे नसते, खालची टीपही वाचायची असते. या अहवालात वनाच्छादन म्हणजे सरकारी जंगल नव्हे. किमान एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर सलग जागा आणि तिच्यावर वरून पाहता किमान १० टक्के झाडांची सावली, एवढे असले की ती जागा मोजली जाते. मग मालक कोणीही असो आणि झाड कोणतेही असो. ही मोजणी उपग्रहावरून होते. म्हणजे विद्यापीठांचे परिसर, लष्कराच्या जागा, केबीआर उद्यान, मोठ्या बागा या आकड्यात येतात. काचिगुड्याच्या गल्लीतला एकटा कडुनिंब, बरकतपुऱ्यातल्या फाटकाशेजारचा आंबा, सुलतान बाजारातला पिंपळ त्यात येत नाहीत. शहराचा आकडा वाढत असतानाच आपल्या गल्लीतली सावली नाहीशी होऊ शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

आपल्या वस्त्यांत नेमके हेच झाले आहे. मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली त्या काचिगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, कुतबीगुडा भागांत पूर्वी अंगणाची घरे होती. प्रत्येक अंगणात एखादा आंबा, सीताफळ, जांब, निदान पारिजातक तरी असे. आता तिथे पाच मजली इमारती आहेत. खाली गाड्यांसाठी जागा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. जमीन विकसकाला कोणी दिली? आपणच दिली. मुले परदेशी, घर जुने, देखभाल झेपत नाही, ही कारणे खरी आहेत आणि त्यात चूक म्हणावे असे काही नाही. पण करार करताना फ्लॅट किती, गाड्यांच्या जागा किती, हे आपण घासाघीस करून ठरवले. मागच्या बाजूचा आंबा ठेवा, एवढी अट किती जणांनी घातली? आता एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सत्तरीतली माणसे दहाच्या आत भाजी आणून घरात बसतात, कारण औषधाच्या दुकानापर्यंत जायच्या वाटेवर सावलीचे ठिकाण उरलेले नाही.

नेदरलँड्सचे वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेनडाइक यांनी २०२१ मध्ये शहरांसाठी एक सोपा नियम सुचवला. घराच्या खिडकीतून किमान ३ मोठी झाडे दिसावीत, वस्तीवर किमान ३० टक्के झाडांची सावली असावी आणि जवळची बाग ३०० मीटरच्या आत असावी. आपण प्रत्येकाने आज संध्याकाळी खिडकीत उभे राहून यातले पहिले कलम तपासून पाहावे. त्याला ना उपग्रह लागतो, ना अहवाल.

कायदा आपल्या बाजूने आहे

महापालिका काही करत नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे असते. आपल्याकडे कायद्याने नागरिकांच्या हातात बरेच काही दिलेले आहे, आणि ते आपण उचललेले नाही.

तेलंगणाने २०१९ च्या नगरपालिका कायद्यात आणि त्यानंतर २०२० मध्ये ग्रेटर हैदराबाद महानगरपालिकेच्या कायद्यात दुरुस्ती करून दोन महत्त्वाच्या गोष्टी आणल्या. पहिली, अर्थसंकल्पातील १० टक्के रक्कम हिरवाईसाठी ठेवायची. दुसरी, लावलेल्या रोपांपैकी किमान ८५ टक्के जगली पाहिजेत आणि त्याची जबाबदारी वॉर्डाचा सदस्य व संबंधित अधिकारी यांच्यावर राहील. म्हणजे वसुलीची अट थेट कायद्यातच घातली आहे. आपल्या २५ पैकी ४ झाडांना हा नियम लावला, तर आपण १६ टक्क्यांवर आहोत.

त्याच दुरुस्तीत प्रत्येक वॉर्डात युवक, महिला, ज्येष्ठ नागरिक आणि प्रतिष्ठित नागरिक अशा चार समित्यांची तरतूद आहे. ज्येष्ठ नागरिकांची स्वतंत्र समिती! आपल्या वॉर्डात ती आहे का, असल्यास तिच्यात कोण आहेत, ती शेवटची कधी बसली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जून २०२३ मध्ये शहराच्या १५० वॉर्डांत वॉर्ड कार्यालये सुरू झाली. तिथे नेमलेल्या माणसांत झाडे व उद्याने पाहणाराही असतो. त्याचे नाव आपण कधी विचारले आहे का?

महाराष्ट्राकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथल्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे कलम आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. कायदा आहे म्हणून पुण्यात झाडे तुटत नाहीत असे नव्हे. तिथे राहणारे आपले नातेवाईक वेगळीच कहाणी सांगतील. पण झाड नोंदलेले असले की ते नाहीसे झाल्यावर निदान विचारता तरी येते. नोंद नसलेल्या झाडाचे काय झाले, हे कोणाला विचारणार?

आपल्याकडे जल, भूमी व वृक्ष कायदा २००२ पासून आहे. स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही त्यानुसार परवानगी लागते. घर विकसकाला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. परवानगी विकसक काढेल, असे म्हणून सोडून देऊ नये, कागद स्वतः पाहावा.

जुने झाड आणि नवे रोप यांची बरोबरी होत नाही

या वर्षी मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठाशेजारच्या कंचा गच्चिबौली येथील ४०० एकरांचे प्रकरण देशभर गाजले. तिथे यंत्रे लावून झाडे पाडण्याचे काम सुरू झाले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबवले. १६ एप्रिलच्या सुनावणीत मोकळ्या झालेल्या सुमारे १०० एकरांवर हिरवाई पुन्हा कशी उभी करणार, याचा आराखडा राज्याकडे मागितला. ती जमीन कोणाची, सरकारला पैशांची गरज किती, या वादात आम्ही येथे पडत नाही. नोकऱ्यांसाठी जागा लागते, हेही खरे आहे आणि आपलीच नातवंडे त्या नोकऱ्यांत आहेत. पण एक गोष्ट उघड आहे. पाडायला चार दिवस लागतात आणि पुन्हा उभे करायला निदान एक पिढी जाते.

विकाराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेवेळ्याजवळचे वड आपण पाहिले असतील. विजापूरच्या या जुन्या रस्त्यावर सुमारे ९०० वड आहेत. रुंदीकरणात ते जाणार, असे दिसल्यावर काही नागरिकांनी एकेक झाड मोजले, नोंदले आणि राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. त्यांच्या बाजूने जे काही बोलता आले, ते त्या मोजणीमुळे. आणि या रस्त्यावर अपघात होतात, लोक मरतात, रुंदीकरणाची मागणी करणारे गावकरीही चुकीचे नाहीत. म्हणून तर झाडांची नोंद आराखडा होण्याआधी असावी लागते. आधी नोंद असली तर रस्ता थोडा वळवता येतो, नंतर फक्त भांडण उरते.

'एक तोडले तर दहा लावू', असे आश्वासन नेहमी मिळते. हिशेबात ते दहापट वाटते. पण जुने झाड म्हणजे काय, हे हैदराबादकरांना सांगायला नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. त्या वेळी आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली. ते झाड आजही आहे. त्या दिवशी तिथे चिंचेची हजार रोपे असती, तर एकही माणूस वाचला नसता. आपण नांदेड-लातूरची बस पकडतो त्या महात्मा गांधी बसस्थानकाला जुनी माणसे अजून इमलीबनच म्हणतात. बागलिंगमपल्ली, बशीरबाग, रामबाग, जामबाग, अर्ध्या शहराच्या नावात बाग आहे. नावे राहिली, एवढेच.

कोणते झाड, कुठे

झाडाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. वादळात फांदी पडून गाडी फुटते, वीज जाते, कधी जीवही जातो. यातला मोठा भाग चुकीच्या झाडाचा आणि चुकीच्या जागेचा असतो. गुलमोहर आणि पीतमोहर भराभर वाढतात, सुंदर दिसतात, पण त्यांचे लाकूड ठिसूळ असते. त्यात बुंध्याभोवती काँक्रीट घालून मुळे कापली की मे महिन्याच्या वावटळीत ती कोलमडणारच. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ हळू वाढतात आणि टिकतात. विजेच्या तारांखाली बहावा, तामण, कांचन यांसारखी मध्यम उंचीची झाडे लावावीत. वड-पिंपळ मोकळ्या मैदानात लावावेत, गटाराच्या भिंतीवर नव्हे.

काही वर्षे शहरांत कोनोकार्पस नावाच्या झाडाची लाट आली. पाणी कमी लागते, वर्षभर हिरवे राहते, गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्यांच्या मधोमध ते सर्रास लावले गेले. पुढे त्याची मुळे नळ व गटारे फोडतात आणि परागकणांचा त्रास होतो, अशा तक्रारी वाढल्या. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. लवकर हिरवा दिसणारा आकडा महाग पडतो, याचे हे उदाहरण.

एक सूचना कडुनिंबाबद्दल. गेली काही वर्षे पावसाळा संपता संपता कडुनिंबाचे शेंडे जळाल्यासारखे वाळतात. झाड मेले, असे समजून लोक ते तोडायला निघतात. हा प्रामुख्याने बुरशीचा रोग आहे आणि बहुतेक झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा पालवतात. तेव्हा घाई करू नये.

काँक्रीटबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीसंबंधी आदेश दिला होता. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा तो आदेश. आपल्या इमारतीसमोर फरशी बसवताना ठेकेदाराला एवढे सांगायला आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

मंडळाने काय करावे

यंदा नवीन रोपे लावण्याचा कार्यक्रम थोडा बाजूला ठेवावा आणि आधी एक नोंदवही उघडावी, असे आम्ही सुचवतो.

एकच वॉर्ड घ्यावा. त्यातील आठ-दहा रस्ते सभासदांनी वाटून घ्यावेत. प्रत्येक झाडाची जात, अंदाजे घेर, बुंध्याभोवती मोकळी माती आहे की काँक्रीट, खिळे-तारा आहेत का, आणि जिथे झाड बसू शकेल अशा रिकाम्या जागा, एवढेच लिहावे. जात ओळखता येत नसेल तर पानाचा फोटो काढावा, आपल्यात वनस्पतिशास्त्र शिकवलेली मंडळी आहेत. तेलुगू लिहिता-वाचता येणारी आपली मुले-सुना यात मोलाची मदत करतील, कारण हे कागद शेवटी वॉर्ड कार्यालयात द्यायचे आहेत. शेजारचे तेलुगू, उर्दू, मारवाडी कुटुंबही बरोबर घ्यावे. सावली मराठी नसते.

ही वही घेऊन वॉर्ड कार्यालयात जावे आणि तीन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन वर्षांत या वॉर्डात कुठे कुठे रोपे लावली? त्यातली किती जगली? १० टक्क्यांच्या निधीतून या वॉर्डासाठी काय झाले? उत्तर मिळाले नाही तर सोमवारच्या प्रजावाणीत अर्ज द्यावा. तिथेही नाही मिळाले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. भांडायला जायचे नाही. अधिकाऱ्याकडे माणसे कमी, काम फार, हे आपण नोकरीत भोगले आहे. तयार यादी घेऊन येणारा नागरिक त्यालाही हवाच असतो. रिकाम्या जागा आपण दाखवायच्या, रोपे व खड्डे त्यांनी द्यायचे, पाण्याची जबाबदारी आपण लिहून द्यायची, असा व्यवहार होऊ शकतो.

मगच रोपे लावावीत, आणि २५ नव्हे, १० लावावीत. प्रत्येक रोपासमोरच्या घराचे किंवा दुकानाचे नाव वहीत असावे. सलग तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी, वर्षातून एकदा जाळी सैल करणे आणि दर जूनमध्ये वर्धापनदिनाच्या अहवालात जमाखर्चाच्या शेजारी एक ओळ: लावलेली इतकी, जगलेली इतकी.

वेळही योग्य आहे. सध्याच्या महापालिका सभागृहाची मुदत पुढील फेब्रुवारीत संपते. उमेदवार मंडळात येतील, आपल्याशी मराठीतून दोन वाक्येही बोलतील. तेव्हा आपण सभागृहाला निधी आणि गणेशोत्सवाला वर्गणी मागतो. या वेळी वही पुढे करून विचारू या, की ज्येष्ठ नागरिकांची वॉर्ड समिती कधी बसवणार आणि ८५ टक्क्यांचा हिशेब दरवर्षी जाहीर करणार का.

आमच्यातल्या बहुतेकांचे वय पाहता आज लावलेल्या कडुनिंबाच्या सावलीत आम्ही बसू, असे नाही. पण उरलेल्या त्या ४ झाडांना या आठवड्यापासून आम्ही पाणी घालतो आहोत, पावसाने दडी मारली की. आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी, १३ जुलैला, सकाळी साडेसहाला मंडळाच्या फाटकापाशी जमायचे ठरले आहे. येताना वही, पेन आणि कापडी टेप आणावी. चहा मंडळाकडून.